पनवेलचा खारपट्टा व सरकारी शेतीसाहाय्य

सरकारने शेतकऱ्याच्या हाती रोख रक्कम द्यावी, ही कल्पना रायगड जिल्ह्यात सर्वसाधारणपणे नवी समजली जाते. केंद्र सरकारने २०१९ साली पंतप्रधान किसान सन्मान निधी ही योजना सुरू केली आणि वर्षास ६,००० रुपये तीन हप्त्यांनी खातेदार कुटुंबाच्या बँकखात्यात जमा होऊ लागले. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने नमो शेतकरी महासन्मान निधी ह्या नावाने तेवढ्याच रकमेची भर घातली. ह्या रकमा आल्या तेव्हा पनवेल तालुक्यातील शेतीचे क्षेत्र झपाट्याने आटत होते आणि तालुक्याच्या पश्चिम भागात १ ऑक्टोबर २०१६ पासून महानगरपालिका नांदत होती. साहाय्य मिळू लागले, पण शेती उरली नाही, असे एक सोपे वाक्य ह्यावरून करता येईल. परंतु ते पुरेसे खरे नाही. पनवेलच्या खारपट्ट्यात सरकारी साहाय्याचा इतिहास निदान दीडशे वर्षांचा आहे. त्या इतिहासात कसोटीचा प्रश्न साहाय्य किती हा नसून ते कशास बांधलेले आहे हा आहे. ते बांधास बांधलेले होते, पिकास होते, की कागदावरील नावास होते, ह्यावर त्याचे फळ कोणाच्या पदरात पडले हे ठरले.

पनवेल तालुक्याची रचना ध्यानात घेतल्याशिवाय पुढील विवेचन नीट उमगणार नाही. पूर्वेस माथेरान व प्रबळगडाकडील डोंगर, त्यांच्या उतरणीवर नाचणी-वरीची वरकस जमीन, मध्ये गोड्या भाताची खाचरे आणि पश्चिमेस, गाढी व कासाडी ह्या नद्या खाडीस मिळतात तेथे, भरतीच्या पाण्याखाली जाऊ शकणारी खार जमीन. हा तालुका १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. त्या वर्षी तो कुलाबा जिल्ह्यास जोडण्यात आला. कुलाब्याचे रायगड असे नामांतर १९८१ साली झाले. खार जमीन ही निसर्गाने दिलेली शेतजमीन नव्हे. ती समुद्राकडून घेतलेली आणि दर उधाणास पुन्हा राखावी लागणारी जमीन आहे. बाहेरचा बांध चिखलाचा, त्यास दगडाची जोड. बांधात ठिकठिकाणी उघाड्या. ओहोटीस उघाडीचे दार आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते व पावसाचे पाणी खाडीत जाते. भरतीस ते आपोआप मिटते. नव्याने घेतलेल्या जमिनीतील मीठ पावसाच्या पाण्याने धुऊन जाण्यास काही वर्षे लागतात. पुढेही ह्या जमिनीत नांगर फारसा चालत नाही. मोड आणलेले बी, ज्यास रहू म्हणतात, ते चिखलात फेकून पेरतात. अशा शेतीत एका शेतकऱ्याचे श्रम त्याच्या एकट्याच्या खाचरापुरते कधीच नसतात. बांधास एके ठिकाणी खांड पडली, तर शेजारच्या सर्वांची जमीन खारट होते, आणि ती पुन्हा गोडी होण्यास एक पावसाळा पुरत नाही.

ह्या सामायिक ओझ्याची व्यवस्था कुलाब्याच्या खारपट्ट्यात, विशेषतः अलिबाग व पेण भागांत, शिलोत्री ह्या हक्काने होत असे. बाहेरचा बांध बांधणारा व राखणारा तो शिलोत्रीदार. जमीन कसणाऱ्यांनी सरकारसाऱ्याशिवाय बिघ्यामागे एक मण भात त्यास द्यावयाचे, आणि त्याने त्या मणाच्या मोबदल्यात बांध उभा ठेवावयाचा. ह्यास शिलोत्री मण म्हणत. आजच्या दृष्टीने पाहता ह्या व्यवस्थेचा ओघ उलटा दिसतो, कारण शेतकऱ्यास कोणी काही देत नसून शेतकरीच देत असे. तथापि ह्या मणाचा एक गुण नजरेआड करता येत नाही. तो ठरावीक कामास बांधलेला होता. बांध फुटला तर मण कशाचा, असे विचारण्याची सोय निदान तत्त्वतः तरी होती. शिलोत्रीदारांपैकी पुष्कळांनी मण घेतला आणि बांधाकडे पाठ फिरवली, ह्यात नवल नाही. वंशपरंपरेने मिळणारे उत्पन्न कर्तव्यापेक्षा दीर्घायुषी असते. पण हक्क बिघडला म्हणून त्यामागील हिशेब चुकीचा ठरत नाही. ह्याच्याच जोडीला गावकऱ्यांनी एकत्र जमून बांध दुरुस्त करण्याची रीत होती, तिला जोळ म्हणत. तीत पैशाची देवघेव नव्हती. ज्याची जमीन बांधाच्या आत, त्याचे मनुष्यबळ बांधावर.

ब्रिटिश अमदानीत सरकारने ह्या व्यवस्थेत जे साहाय्य घातले ते दोन रूपांचे होते. पहिले रूप साऱ्याच्या माफीचे. मुंबई इलाख्याच्या जमीन महसूल नियमांप्रमाणे खाजण बांधून शेतीस आणण्याकरिता जो कौल मिळे, त्यात पहिली दहा वर्षे सारा नसे, पुढील वीस वर्षे एकरी चार आणे, आणि त्यानंतर रीतसर आकारणी. उलटपक्षी, घेणाऱ्याने निम्मे क्षेत्र दहा वर्षांत व सर्व क्षेत्र वीस वर्षांत लागवडीस आणले पाहिजे, अशी अट असे. ह्यास आजच्या भाषेत अनुदान म्हणावे लागेल, कारण सरकारने सोडलेला सारा आणि सरकारने दिलेला रुपया ह्यांत जमाखर्चाच्या दृष्टीने भेद नाही. पण हे अनुदान मिळवण्यास आधी बांध घालण्याइतके भांडवल हाती हवे. ज्याच्यापाशी केवळ दोन हात होते, तो कौल घेणाऱ्याचे कूळ होऊन त्या जमिनीवर येई. माफी घेणारा एक आणि चिखलात उतरणारा दुसरा, अशी वाटणी पहिल्या दिवसापासूनच पडे.

दुसरे रूप तगाईचे. १८८३ चा जमीनसुधारणा कर्जाचा कायदा आणि १८८४ चा शेतकऱ्यांच्या कर्जाचा कायदा ह्या दोहोंनी तगाईस कायद्याचे स्वरूप आले. पहिल्यान्वये विहीर, बांधबंदिस्ती अशा टिकाऊ सुधारणांसाठी, दुसऱ्यान्वये बी-बियाणे, बैल अशा तात्कालिक गरजांसाठी. तगाई हे देणे नव्हे, कर्ज होय, आणि ते जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होई. ह्यामुळेच दुष्काळात किंवा उधाणानंतर मामलेदाराच्या कचेरीत तगाईसाठी अर्ज करणारा मनुष्य सावकाराकडेही जाऊन येत असे. तगाईचे प्रत्यक्ष वजन किती होते ह्याची कल्पना रिझर्व्ह बँकेच्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीवरून येते. १९५१-५२ साली केलेल्या आणि १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या पाहणीत शेतकऱ्यांनी घेतलेल्या कर्जात सरकारचा वाटा सुमारे ३.३ टक्के व सहकारी संस्थांचा ३.१ टक्के आढळला. सावकारांचा, धंदेवाईक व शेतकरी-सावकार मिळून, सुमारे ७० टक्के. आकडे सर्व देशाचे आहेत. तरी सत्तर वर्षे कायद्यात असलेल्या तगाईचे मोजमाप म्हणून ते पुरेसे बोलके आहेत.

खारपट्ट्यातील कुळाची बाजू प्रथमच मोठ्या आवाजात मांडली गेली ती १९३३ साली, पनवेलात नव्हे तर दक्षिणेस अलिबागजवळ चरी येथे. नारायण नागू पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली पंचवीस गावांच्या कुळांनी खोतांची जमीन कसण्याचे नाकारले आणि हा संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षे जमीन पडीक ठेवणे म्हणजे स्वतःच्या पोटावर पाय देणे होते. लाकूडफाटा विकून, मिळेल ती मजुरी करून त्या गावांनी दिवस काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोतीनिर्मूलनाचे विधेयक मांडले त्यामागे कोकणातील ही अस्वस्थता होती. येथे एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. १९३३ सालीच अमेरिकेत कापूस व इतर पिके कमी लावण्याबद्दल शेतकऱ्यांस सरकारी पैसे देण्याचा कायदा झाला. दक्षिणेकडील संस्थानांत हा पैसा मुख्यतः जमीनमालकांच्या हाती पडला आणि जमीन कमी कसावयाची म्हणून बटाईदार कुळांना घरे सोडावी लागली. १९३४ साली आर्कान्सा राज्यात त्यांनी स्वतःचा संघ काढला. चरीच्या कुळांस ह्याची वार्ता असण्याचे कारण नव्हते. पण जमिनीवर नाव एकाचे व श्रम दुसऱ्याचे असताना सरकारने जमिनीच्या नावाने पैसा दिला तर काय होते, ह्याचा धडा जगाने तेव्हाच गिरवला होता.

स्वातंत्र्यानंतरची दहा वर्षे ही ह्या इतिहासातील सर्वांत भरीव. १९४८ चा कूळकायदा, त्याच वर्षीचा मुंबई खार जमीन कायदा, १९४९ चा खोती निर्मूलन कायदा, आणि १९५५ चा कुलाबा जिल्ह्यातील शिलोत्री हक्क नष्ट करणारा कायदा हे एकापाठोपाठ आले. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि त्या दिवशी कूळ कायद्याने जमिनीचे मालक मानले गेले. ह्यांपैकी खार जमीन कायद्याचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही. त्याने बांध हा सार्वजनिक हिताचा विषय मानला, त्यासाठी खार जमीन मंडळ नेमले आणि बांधाच्या खर्चाची सरकार व जमीनधारक ह्यांत विभागणी केली. साहाय्य पुन्हा कामास बांधले गेले: बांध उभा राहिला तर सरकारचा वाटा खर्ची पडावयाचा. ह्याच काळात शिलोत्रीदार गेला, खोत गेला, आणि बांधाच्या आतील प्रत्येक खाचरास स्वतःचा मालक मिळाला. न्यायाच्या दृष्टीने ही गोष्ट उशिरा का होईना, घडली. मात्र तिची दुसरी बाजूही होती. पूर्वी बांधाचा जबाबदार एक होता, मग तो कितीही नादार का असेना. आता मालक शेकडो आणि बांध सरकारचा. मंडळ बांध दुरुस्त करील ह्या भरवशावर जोळ मोडत गेली. १९७९ साली महाराष्ट्राने जुन्या कायद्याच्या जागी खार जमीन विकास कायदा केला आणि बांधाचे काम शासकीय यंत्रणेकडे अधिकच सरकले.

बांध मोडला तर तेथे काय पिकवावे, ह्या प्रश्नाचे एक उत्तर पनवेलमध्येच शोधले जात होते. खारट जमिनीत तग धरणाऱ्या राता ह्या स्थानिक तांबड्या भातापासून पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने काळा राता व भुरा राता ह्यांच्या निवड जाती तयार केल्या. पुढे आयआर ८ ह्या बुटक्या, अधिक उत्पन्नाच्या जातीशी भुरा रात्याचा संकर करून पनवेल १ ही जात निघाली, व तिच्यामागून पनवेल २ व पनवेल ३. हे केंद्र आज डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. संशोधनावरील खर्चास कोणी अनुदान म्हणत नाही. तरी ज्या साहाय्याचा लाभ घेण्यास उताऱ्यावर नाव लागत नाही, असे ह्या तालुक्यास मिळालेले साहाय्य बहुधा हेच होय, कारण मूठभर बी कुळाच्या खाचरातही उगवते आणि मालकाच्याही.

त्यानंतर १९७० साल आले. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाले आणि ठाणे, पनवेल व उरण ह्या तालुक्यांतील ९५ गावांची जमीन नव्या मुंबईसाठी संपादनाखाली आली. प्रकल्पाचे एकूण क्षेत्र सुमारे ३४४ चौरस किलोमीटर. भरावासाठी सखल, स्वस्त आणि खाडीकाठची म्हणून जी जमीन नजरेत भरली तीत खारपट्टा व मिठागरे मोठ्या प्रमाणावर होती. तेरा वर्षांपूर्वी कायद्याने मालक झालेल्या कुटुंबांनी ती जमीन गमावली. मोबदल्याविरुद्ध दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली जो लढा झाला, त्यात जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण ठार झाले. त्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण १९९० साली आले. हे शेतीसाहाय्य नव्हे, हे उघड आहे. पण ह्या इतिहासात त्याचे स्थान आहे, कारण त्याने खेडोपाडी एक धडा पक्का केला: सरकारकडून काही मिळावयाचे तर ते उताऱ्यावरील नावास मिळते. ज्यांनी संपादित जमीन केवळ कसली होती, किंवा जे मिठागरावर मजुरी करीत होते, त्यांच्या नावे भूखंड निघाला नाही. वारसनोंदीचे वाद, भावाभावांतील खटले, मेलेल्या आजोबांचे नाव अद्याप उताऱ्यावर का, ह्यासाठी तलाठ्याकडील हेलपाटे, हे सर्व ह्या काळात भातशेतीइतकेच नित्याचे झाले.

देशात ह्याच सुमारास अनुदानाची दिशा पालटली होती. १९६५ पासून किमान आधारभावाची यंत्रणा, १९७७ पासून खतकारखान्यांना भरपाई देऊन खत स्वस्त ठेवण्याची पद्धत. पैसा धान्याच्या व खताच्या पोत्यामागे जाऊ लागला. ज्या मुलखात पाणी व वाढावा होता तेथे तो पोचला. एका पावसाळी पिकावर घरचे भात भागवणाऱ्या पनवेलच्या खाचरात त्यातले थोडेच झिरपले. १९९० साली राज्याने रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवडीस शंभर टक्के अनुदान दिले तेव्हा कोकणातील वरकस जमिनीस प्रथमच मोठी सरकारी रक्कम मिळू लागली. आंबा-काजूची कलमे डोंगरउतारावर उभी राहिली हे त्या योजनेचे यश आहेच. परंतु त्याच उतारांवर पिढ्यान् पिढ्या नाचणी-वरी काढणाऱ्या कातकरी व ठाकूर कुटुंबांकडे ज्या दळी जमिनी होत्या, त्या वनखात्याच्या दप्तरी. त्यांना उतारा नव्हता, म्हणून कलमही नव्हते. त्यांच्या दाव्यांस कायदेशीर आधार मिळण्यास २००६ च्या वनहक्क कायद्याची वाट पाहावी लागली.

ह्या पार्श्वभूमीवर २०१९ ची योजना पाहिली म्हणजे तिचे नवेपण व जुनेपण दोन्ही दिसतात. नवेपण असे की रक्कम क्षेत्रावर अवलंबून नाही. दहा गुंठ्यांच्या खातेदारास जितके, तितकेच पाच हेक्टरवाल्यास. तुकड्यातुकड्यांत विभागलेल्या कोकणच्या खातेदारास हा नियम अनुकूल आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. मधला कोणी हात नसल्यामुळे रक्कम पूर्ण पोचते हेही खरे. जुनेपण असे की पात्रता जमीनधारणेच्या नोंदीवर, आणि तीही १ फेब्रुवारी २०१९ ह्या तारखेच्या नोंदीवर ठरविली गेली. मुंबईत स्थायिक झालेला भाऊ खातेदार म्हणून पात्र ठरू शकतो, अर्थात तो आयकर भरणारा अगर वगळलेल्या नोकरवर्गातला नसेल तर. त्याची जमीन अर्धेलीने कसणारा गावकरी पात्र ठरू शकत नाही. बटाईदार ह्या शब्दास योजनेत स्थान नाही. १९५७ च्या कृषकदिनानंतर कूळ कागदावरून नाहीसे झाले. शेतात मात्र ते तोंडी करारावर राहिलेच. उलट पुन्हा कूळ लागेल ह्या भीतीने मालकाने कागद करणेच सोडले.

आणि बांध? रायगडच्या खारपट्ट्यात जुने बांध फुटून जेथे भरतीचे पाणी वर्षानुवर्षे आत येत राहिले, तेथे भाताच्या खाचरांत तिवरे उगवली. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांच्या तोडीवर व त्यांवरील भरावावर बंदी घातली. किनाऱ्याच्या रक्षणासाठी ती आवश्यकच होती. पण तिचा परिणाम असा की एकदा तिवरांखाली गेलेले खाचर पुन्हा बांधबंदिस्तीने शेतीस आणणे शेतकऱ्यास जवळजवळ अशक्य झाले. विमानतळासाठी उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, सखल भाग भरावाने उंच झाले, आणि पाणी कोठून येईल व कोठे जाईल ह्याविषयीची पिढीजात माहितीही निरुपयोगी ठरत गेली. शिलोत्री मण बांधापायी दिला जाई. १९४८ च्या मंडळाचा पैसाही बांधापायीच. खातेदाराच्या बँकखात्यात येणाऱ्या रकमेस बांधाशी कर्तव्य नाही. ती वैयक्तिक आहे, बांध सामायिक आहे, आणि शंभर खातेदारांनी आपापले ६,००० रुपये एकत्र करून खांड बुजवावी अशी तरतूद कोणत्याही योजनेत नाही.

अशा एका खाचराची नोंद कशी होते हे पाहण्याजोगे आहे. उताऱ्यावर मालकाचे नाव कायम आहे, कारण जमीन पाण्याखाली गेली तरी नाव जात नाही. म्हणून सन्मान निधीचा हप्ता येतो; ती योजना जमीन आहे का एवढेच विचारते, पीक आहे का हे विचारीत नाही. दुसरीकडे राज्य सरकारने भातउत्पादकांस २०२२-२३ च्या हंगामासाठी हेक्टरी १५,००० रुपये व २०२३-२४ साठी हेक्टरी २०,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेपर्यंत, प्रोत्साहनपर रक्कम दिली. तीसाठी खरेदी केंद्रावर नोंदणी लागे, आणि त्या नोंदणीस उताऱ्यावरील भाताची पीकनोंद. १५ ऑगस्ट २०२१ पासून ही नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर शेताचे छायाचित्र काढून करावयाची असते. तिवरांच्या छायाचित्रावर भाताची नोंद होत नाही. एकाच गटक्रमांकाचा धारक एका खात्याच्या दप्तरी शेतकरी ठरतो आणि दुसऱ्याच्या दप्तरी ठरत नाही.